नाशिकच्या वायनरी बघायच्या तर कोल्हापुरातून गाडी नेऊ नका

कोल्हापूर ते नाशिक साधारण ४४० किलोमीटर. इथून गाडी ठरवली की जाता-येताचे किलोमीटर, ड्रायव्हरचा भत्ता, टोल सगळं आपल्या अंगावर. शिवाय रात्रभर चालवून आलेल्या ड्रायव्हरला दिवसभर फिरवायचं, हे मला पटत नाही.

१. रात्रीच्या स्लीपरने जा, पहाटे नाशिकला उतरा.

२. गाडी तिथलीच घ्या आणि आदल्या दिवशीच फोनवर '८ तास, ८० किलोमीटर' असं पॅकेज बोलून ठेवा. जादा तासाचा आणि किलोमीटरचा दर तेव्हाच विचारा, मेसेजवर लिहून घ्या.

३. एकच दिशा धरा. सुला आणि यॉर्क या वायनरी गंगापूर धरणाच्या बाजूला, जवळजवळ आहेत. ग्रोव्हर झाम्पा आणि वॅलोने इगतपुरीकडे. दोन्ही बाजू एका दिवसात कोंबल्या की ८० किलोमीटर कधीच संपतात आणि द्राक्षांऐवजी महामार्गच बघून होतो.

जानेवारी ते मार्च द्राक्षतोडणी असते, तेव्हा जाण्यात खरी मजा. टूर आणि टेस्टिंगची वेळ आधी बुक करा. शनिवार-रविवार टाळता आला तर उत्तम.

एक लक्षात ठेवा: २६ जानेवारीला ड्राय डे असतो. सुट्टी बघून तोच दिवस धराल, तर नुसते मळे बघून परत याल.