चुंबक चिकटलं नाही म्हणजे चांदी? या चुका टाळा

गणपतीच्या आठवडाभर आधी मालवणच्या बाजारात चाकरमानी उतरले, की एखादा तरी खिशातून चुंबक काढतोच. समोर चांदीच्या दुर्वा, जास्वंदीचं फूल, मोदक; हा एकेक वस्तू चुंबकाला लावून बघतो. चिकटली नाही की अस्सल. दोन मिनिटांचा व्हिडिओ बघून झालेले पारखी!

लोखंड, निकेल, कोबाल्ट चुंबकाला चिकटतात. चांदी चिकटत नाही, पण तांबं, पितळ, शिसं, ॲल्युमिनियम तरी कुठे चिकटतं? चुंबक फार तर ‘ही चांदी नव्हे’ एवढं सांगेल. ‘आहे’ म्हणायची त्याची पात्रताच नाही.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. एका जुन्या घरातली भांडी विकायला निघाली होती, त्यात एक ताम्हन होतं, 312 ग्रॅमचं. माझ्याकडे चांगलं निओडिमियम चुंबक (साध्यापेक्षा कितीतरी जोरकस) होतं, ते लावलं, ढिम्म. दुसरं गिऱ्हाईक दारात उभं, म्हणून घाईत पैसे मोजले. घरी आणून चिंच लावून घासलं, तर काठाला पिवळट झाक. जर्मन सिल्व्हर! नावात सिल्व्हर, पोटात तांबं, जस्त आणि निकेल. चांदी औषधालाही नाही. निकेल आहे म्हणून चिकटेल म्हणाल, तर तेही नाही, कारण भरपूर तांब्यात मिसळल्यावर निकेलचा तो गुण मरतो.

तेव्हापासून मी पाण्यात तोलतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाण्याचं पातेलं ठेवून आकडा शून्यावर आणायचा. वस्तू दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवायची, तळाला टेकू द्यायची नाही. आता जितके ग्रॅम दिसतील, त्याने वस्तूच्या वजनाला भागायचं, की घनता मिळते. शुद्ध चांदीला 10.49 यायला हवं, 925 ला, म्हणजे 92.5 टक्के चांदीला, जरासं कमी. माझ्या ताम्हनाला काटा 36 ग्रॅम दाखवत होता, म्हणजे 8.7 च्या आसपास. चांदी असती तर 30 दाखवला असता. पोकळ किंवा लाख भरलेल्या वस्तूला हा हिशोब लागू नाही, आणि छोट्या नथीबिथीला घरचा काटा पुरत नाही.

उलटी चूक पैंजणांची. एक बाई आमच्या ओळखीच्या सोनाराशी भांडत होत्या, “काकानु, ह्यां चिकटता!” चिकटत होतं खरं, पण कुठे? घुंगरांत. आतले वाजणारे खडे पोलादाचे होते. साखळीला लावल्यावर काहीच नाही. साखळीच्या कडीतली स्प्रिंगही अशीच पोलादाची असते. चुंबक लावायचं तर तुकड्यातुकड्याला लावा.

फ्रिजवरचं चुंबक आणू नका, त्यात दमच नसतो. तिरक्या पत्र्यावरून चुंबक हळू घसरलं म्हणजे चांदी, हेही अर्धवट. तांब्याच्या पत्र्यावरूनही ते हळूच घसरतं. काळी पडली म्हणून खोटी ठरवू नका, आपल्या दमट हवेत खरी चांदीही काळवंडते. आणि पारखायला म्हणून नायट्रिक ॲसिड घरात आणायचं नाही, बस्स. हॉलमार्क, म्हणजे शुद्धतेचा शिक्का, असेल तर बघा. 1 सप्टेंबर 2025 पासून चांदीवरही सहा अक्षर-अंकांचा क्रमांक येतो, पण तो सक्तीचा नाही, म्हणून नसला तर लगेच बोंब मारू नका.

चुंबक खरं कामाला येतं ते जुन्या रुपयांना. राणी छाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा, चांदीचा. 1940 ते 1945 चा निम्म्या चांदीचा, तोही चिकटत नाही. पण 1947 चा, मागे वाघ असलेला, निव्वळ निकेलचा; टपकन चिकटतो. आजीच्या लक्ष्मीपूजनाच्या डब्यात तोच निघाला. आई अजून त्याला हळदकुंकू वाहते, मी काही बोललेलो नाही.