नोकरी शोधताना करा एका ॲपची लोकेल-तपासणी

नोकरीच्या शोधातल्या इंजिनिअरांच्या रेझ्युमेत तेच ते प्रकल्प असतात: टू-डू यादी, हवामानाचं ॲप. त्यातून मुलाखत घेणाऱ्याला तुमच्याविषयी फारसं काही कळत नाही. त्यापेक्षा लोक खरोखर वापरत असलेलं एक ओपन सोर्स अँड्रॉइड ॲप घ्या आणि दुसऱ्या संस्कृतीतल्या माणसाच्या हातात ते कुठे अडतं हे शोधून दुरुस्त करा. हीच लोकेल-तपासणी; लोकेल म्हणजे फोनवर निवडलेली भाषा आणि प्रदेश. तीन आठवडे हाताशी ठेवा.

ॲप निवडताना बाहेरच्यांच्या पुल रिक्वेस्ट (कोडमधले सुचवलेले बदल) अलीकडे मर्ज झाल्यात, म्हणजे मूळ कोडमध्ये घेतल्यात का, ते पाहा. मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारा, गायब असेल तर मेहनत पडून राहते.

सुरुवात स्यूडोलोकेलपासून, म्हणजे तपासणीसाठीच्या बनावट लोकेलपासून करा. बिल्ड फाइलच्या डीबग भागात ‘स्यूडो लोकेल्स एनेबल्ड’ ट्रू केलं आणि फोनचे डेव्हलपर ऑप्शन्स चालू केले की भाषांच्या यादीत दोन खोट्या भाषा निवडता येतात. ‘ईएन-एक्सए’ मजकूर लांबवते आणि अक्षरांवर चिन्हं चढवते. बटणातला मजकूर कापला गेला तर रुंदी ठोकून बसवली आहे. एखादा शब्द साधाच राहिला तर तो थेट कोडमध्ये लिहिलेला आहे. ‘एआर-एक्सबी’ मजकुराची दिशा उलटवते, म्हणजे उजवीकडून डावीकडे (आरटीएल) करते. तिथे बिघडलेल्या लेआउटमध्ये बहुतेक वेळा मार्जिन ‘लेफ्ट’ सापडतं; ते ‘स्टार्ट’ करा आणि मॅनिफेस्टमध्ये (ॲपची मूळ माहिती सांगणाऱ्या फाइलमध्ये) ‘सपोर्ट्स आरटीएल’ ट्रू आहे ना, तेही बघा.

मग फोन तुर्की भाषेवर टाका. तुर्कीत टिंबाचा आणि बिनटिंबाचा असे दोन वेगळे ‘आय’ आहेत. कोडने कॅपिटल अक्षरांतला इंग्रजी ‘टायटल’ हा शब्द फोनच्या लोकेलप्रमाणे लहान अक्षरांत बदलला की बिनटिंबाचा ‘आय’ येतो, तुलना चुकते आणि सेटिंग सापडत नाही. असे अंतर्गत शब्द बदलताना ‘लोकेल रूट’ (कुठल्याही भाषेशी न बांधलेलं लोकेल) द्या. जर्मनमध्ये दशांशाला स्वल्पविराम असतो, म्हणून ‘१,५’ टाइप करून ॲप कोसळतं का पाहा. अनेकवचनं ‘जर एक, नाहीतर अनेक’ अशी लिहू नका: अरबीत सहा रूपं लागतात, जपानीत एकच. ॲप एसएमएस पाठवत असेल तर लक्षात ठेवा: देवनागरी एसएमएस इंग्रजीसारखा १६० नाही, ७० अक्षरांत संपतो.

खरी मेहनत पुढे आहे, आणि इथेच बरेच जण कंटाळा करतात. ज्या भाषेसाठी ॲप तपासताय, त्या भाषेतले पाच वापरकर्ते गाठा, प्रत्येकाला तासभर द्या. एक काम सांगा आणि गप्प बसा. ‘इथे दाबा’ म्हणालात की तपासणी वाया गेली. ‘हे आवडेल का?’ याला लोक भिडेखातर हो म्हणतात. ‘मागच्या वेळी पैसे कसे पाठवले?’ असं विचारा. केनियात २००७ साली एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवायची सेवा सुरू झाली, त्याआधीच लोक एकमेकांना टॉकटाइम पाठवून पैशासारखा वापरत होते. नवं तंत्र अशा जुन्या सवयीला जोडलं की पटकन रुजतं, त्यामुळे सवयच विचारायची. फोन घरात किती जण वापरतात, नोटिफिकेशन कोण वाचतं, हेही नोंदवा. आडनावाची सक्ती आहे का पाहा. इंडोनेशियात अनेकांना एकच नाव असतं, राष्ट्राध्यक्ष सुकर्णोंनाही तेवढंच होतं.

कोणी अडलं तर वापरकर्त्याला अडाणी ठरवू नका. ॲप बनवणाऱ्याने काय गृहीत धरलं होतं, ते लिहा.

एका पुल रिक्वेस्टमध्ये एकच दुरुस्ती ठेवा; आधीचा-नंतरचा स्क्रीनशॉट आणि टेस्ट जोडा. रेझ्युमेत ‘लोकलायझेशनचं काम केलं’ असं मोघम लिहू नका. ‘तुर्की लोकेलमध्ये सेटिंग न सापडण्याचा बग शोधला, दुरुस्त केला’ असं लिहा आणि पुढे लिंक द्या. मर्ज झालं नसेल तरी मेंटेनरशी झालेली चर्चा दिसू द्या.