परसातल्या कोंबडीचे अंडे अडते तेव्हा

मराठवाड्यात ज्यांच्या परसात चार-सहा कोंबड्या असतात, त्यांना मानमोडी आणि देवी हे रोग चांगले ठाऊक असतात. मात्र अंड्यावर असलेली एखादी धडधाकट कोंबडी अचानक अंग फुगवून कोपऱ्यात बसते, दाणे सोडते आणि दोन दिवसांत मरते, तेव्हा ‘ऊन लागले असेल’ किंवा ‘काहीतरी खाल्ले असेल’ यापलीकडे कोणी विचार करत नाही. अशा वेळी अंडनलिकेत अंडे अडलेले असण्याची शक्यता आधी तपासावी. गाय-म्हैस विताना अडते तशी कोंबडीही अंडे घालताना अडते. आणि गाईप्रमाणेच येथेही पहिल्या काही तासांत काय केले जाते, यावर पुष्कळसे अवलंबून असते.

उपचार समजण्यासाठी अंडे कसे तयार होते हे थोडे माहीत असावे लागते. कोंबडीत सामान्यतः फक्त डाव्या बाजूचे अंडाशय आणि डावी अंडनलिका कार्य करते. बलक अंडाशयातून सुटल्यापासून अंडे बाहेर पडेपर्यंत साधारण २४ ते २६ तास लागतात आणि त्यांपैकी जवळजवळ २० तास ते नलिकेच्या शेवटच्या भागात, म्हणजे कवच चढवणाऱ्या गर्भाशयात असते. एका कवचासाठी सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम खर्च होते. ते काही खाद्यातून येते, तर काही, विशेषतः रात्री, हाडांतील साठ्यातून काढले जाते. आता तयार अंडे बाहेर ढकलण्यासाठी गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावतात, त्यांनाही कॅल्शियमच लागते. त्यामुळे कॅल्शियम कमी पडले की कवच मऊ होते आणि ते ढकलणारी शक्तीही क्षीण होते. मऊ कवचाचे अंडे सहज निसटेल असे वाटते; प्रत्यक्षात स्नायूंना त्यावर नीट पकड मिळत नाही आणि तेच अधिक अडते.

येथे आपल्याकडच्या ज्वारीचा विचार करणे भाग आहे. १०० ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम जेमतेम २५ ते ३० मिलिग्रॅम असते आणि एक कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम दाणे खाते. उकिरडा उकरणारी, शेतात हिंडणारी गावरान कोंबडी किडे, गोगलगाईंचे शंख आणि चुनखडीचे खडे टिपून ही तूट बऱ्यापैकी भरून काढते; शिवाय ती अंडीही कमी घालते. परंतु नांदेड किंवा लातूरसारख्या शहरात भिंतीआड ठेवलेली, वनराज किंवा ऱ्होड आयलंड रेडसारखी अधिक अंडी देणारी कोंबडी केवळ ज्वारी आणि उरलेल्या भाकरीवर ठेवली, तर तिची हाडे रिकामी होऊ लागतात. त्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांपुढे गेला की कोंबडी चोच उघडी ठेवून धापा टाकते, रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवचासाठी लागणारा कार्बोनेट पुरेसा मिळत नाही. भरीला उन्हाने तिचे खाणेही घटते. म्हणूनच उन्हाळ्यात पातळ कवचाची अंडी दिसू लागली, तर तो पुढच्या अडचणीचा इशारा मानावा.

अन्य कारणेही आहेत. पहिल्यांदाच अंड्यावर आलेल्या तलंगांमध्ये मार्ग पुरेसा रुंद झालेला नसतो; दोन बलकांचे मोठे अंडे कोणत्याही वयात अडू शकते; मका आणि भात खाऊन लठ्ठ झालेल्या कोंबडीच्या पोटातील चरबी वाट अरुंद करते; आणि अंडनलिकेला संसर्ग झालेला असल्यास ती सुजलेली असते.

ओळखावे कसे

अडलेली कोंबडी अंडी घालण्याच्या जागेवर वारंवार जाते, बसते, कण्हल्यासारखा आवाज करते आणि अंडे न घालता उठते. उभी राहते तेव्हा शेपूट खाली झुकलेले, पाठ वाकलेली आणि अंग ताठ असते. पाय फाकवून, अडखळत चालते. काही मिनिटे शांतपणे तिच्या मागे बसून पाहिल्यास श्वासाबरोबर शेपूट वर-खाली होताना आणि गुदद्वाराची कड आत-बाहेर होताना दिसते. विष्ठा पडत नाही, किंवा पांढरी, पातळ अशी थोडीशीच पडते, कारण अडकलेल्या अंड्याचा दाब आतड्यावर येतो. तुरा फिका पडतो. पायांच्या नसांवर दाब आल्यास ती पाय ओढू लागते.

एखाद्या दिवशी अंडे मिळाले नाही म्हणून घाबरू नये. अंड्याचे चक्र २४ तासांपेक्षा थोडे मोठे असल्यामुळे कोंबडी रोज थोडी उशिरा अंडे घालते आणि अधूनमधून एक दिवस खाडा करते. खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली, कोंबडीही दिवसभर बसून राहते, पण हात जवळ नेताच ती पिसे फुलवते, चोच मारते, आणि दिवसातून एकदा उठून दाणा-पाणी घेऊन मोठी, दुर्गंधीयुक्त विष्ठा टाकते. अडलेल्या कोंबडीत एवढी रग उरत नाही. गळ्याखालची अन्नपिशवी सकाळी उपाशीपोटीही टणक भरलेली लागली, तर दोष अंड्याचा नसून पचनाचा असू शकतो.

एकच कोंबडी मलूल असेल तर अंड्याचा विचार करावा. एकाच वेळी अनेक मलूल झाल्या किंवा मेल्या, तर हा लेख बाजूला ठेवून थेट पशुसंवर्धन विभागाला कळवावे. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे शेकडो कोंबड्या दगावल्या आणि तपासणीत बर्ड फ्लू निष्पन्न झाला, हे विसरता कामा नये. त्याच कारणाने आजारी कोंबडी हाताळताना हातमोजे घालावेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत.

खात्री करण्यासाठी कोंबडीचे डोके मागे आणि शेपूट पुढे येईल अशा रीतीने तिला काखेत धरावे. मोकळा हात तिच्या पोटाखाली, छातीच्या हाडाचे टोक आणि गुदद्वार यांच्यामध्ये अलगद ठेवावा. बोटांना गोल, टणक वस्तू जाणवली तर निदान बहुधा पक्के समजावे. दाबून पाहू नये. स्पर्श पुरेसा असतो. पोट टणक न लागता पाण्याने भरलेल्या पिशवीसारखे ढिले आणि फुगलेले लागले, तर बलक पोटाच्या पोकळीत पडून दाह झालेला असण्याची शक्यता असते. त्यावर घरगुती उपाय नाही आणि पुढे सांगितलेल्या शेकानेही काही साधत नाही.

घरी करायचे उपचार

कोंबडी शुद्धीवर आहे, मान सावरते, थोडे पाणी पिते, अशा स्थितीतच घरी प्रयत्न करावा. तोंड उघडे टाकून श्वास घेणारी, तुरा जांभळा पडलेली, रक्त येणारी किंवा उभी राहू न शकणारी कोंबडी थेट दवाखान्यात न्यावी.

एका रुंद घमेल्यात किंवा प्लास्टिकच्या टबात तान्ह्या बाळाच्या आंघोळीला घेतो तेवढे कोमट, म्हणजे ३८ ते ४० अंशांचे पाणी घ्यावे. कोंबडीला त्यात हळूच बसवावे. पोट आणि गुदद्वार पाण्यात राहावे, पाठ व पंखांचा वरचा भाग कोरडा राहावा. पहिल्या मिनिटात ती पंख झाडते. दोन्ही पंखांवर तळवे टेकवून धरल्यास ती बहुधा स्थिरावते, डोळे मिटू लागते आणि मान खाली सोडते. तेव्हा चोच पाण्यात जाणार नाही याकडे लक्ष असावे. १५ ते २० मिनिटे असे ठेवावे. पाणी निवले तर ऊन पाणी टबाच्या दुसऱ्या टोकाला ओतून मिसळावे. पुष्कळ जण पाण्यात औषधी मीठ (एप्सम सॉल्ट) घालण्यास सांगतात. माझ्या मते काम उबेचे आहे, मिठाचे नाही.

बाहेर काढल्यावर जुन्या सुती कापडाने नीट टिपून घ्यावे. नंतर हातमोजा घातलेल्या बोटाने गुदद्वाराच्या कडेला आणि किंचित आत लिक्विड पॅराफिन लावावे. ते नसल्यास स्वच्छ खोबरेल तेल चालते. बोट एका पेरापेक्षा आत घालू नये.

त्याच वेळी कॅल्शियम द्यावे. पशुऔषधांच्या दुकानात मिळणारे कोंबड्यांचे कॅल्शियमचे द्रव औषध वेष्टनावरील प्रमाणात द्यावे. ते हाताशी नसल्यास माणसांसाठीची ५०० मिलिग्रॅमची, ड जीवनसत्त्व असलेली कॅल्शियमची एक गोळी चुरून दह्यात किंवा भिजवलेल्या पिठात कालवून एकदाच द्यावी. द्रव औषध घशात ओतू नये. चोचीच्या कडेला थेंब ठेवावा, तिने गिळला की पुढचा ठेवावा; घाईने दिलेले औषध श्वासनलिकेत गेले तर अंड्याऐवजी त्यानेच ती मरेल. खायच्या चुन्याची निवळी पाजण्याची पद्धत काही घरांत आहे, ती टाळावी, कारण चुना दाहक असतो.

त्यानंतर तिला एकटीला, अंधाऱ्या आणि शांत जागी ठेवावे. खाली भुसा अंथरून त्यावर डालगे झाकावे आणि डालग्यावर हवा खेळेल असे पोते टाकावे. परदेशी माहितीत अशा कोंबडीला दिव्याखाली ऊब द्यावी असे हमखास लिहिलेले असते. परभणीत डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १० अंशांखाली उतरतो तेव्हा ते योग्यच आहे. परंतु मे महिन्याच्या दुपारी पत्र्याच्या खोलीत असा दिवा लावणे म्हणजे तिला उष्माघाताच्या तोंडी देणे होय. उन्हाळ्यात जाड भिंतींच्या घरातला थंड कोपरा निवडावा आणि टबातल्या पाण्याची वेळही सकाळची किंवा संध्याकाळची ठेवावी.

दोन-तीन तास तिला त्रास न देता थांबावे. अंडे पडले नाही तर शेक आणि तेल आणखी एकदा करावे. तरीही सुटका झाली नाही, किंवा अंडे अडल्याला एक दिवस होत आला, तर घरचे प्रयत्न थांबवावेत.

टाळायच्या दोन गोष्टी इतक्या घातक आहेत की त्या स्वतंत्रपणे सांगितल्याच पाहिजेत. पहिली म्हणजे पोट दाबून अंडे बाहेर काढणे किंवा आतच फोडणे. फुटलेल्या कवचाच्या धारदार कडा अंडनलिका चिरतात आणि आत राहिलेल्या पांढऱ्या-पिवळ्या बलकात जंतू झपाट्याने वाढतात. गुदद्वारात ओलसर, गुलाबी पडद्याआड अंडे दिसत असले तरी ओढू नये, कारण तो पडदा म्हणजे अंडनलिकाच असते. तेल लावून वाट पाहावी. दुसरी म्हणजे ऑक्सिटोसिन. म्हशीचा पान्हा सोडवण्यासाठी चोरून दिले जाणारे हे इंजेक्शन कोंबडीलाही ‘एक टिपूस’ द्यावे, असा सल्ला गोठ्यातून मिळू शकतो. पक्ष्यांमध्ये अंडे ढकलण्याचे काम आर्जिनिन व्हॅसोटोसिन हे वेगळे संप्रेरक करते. वाट मोकळी नसताना बाहेरून जोराचे आकुंचन घडवले तर नलिका फाटू शकते. ते द्यायचे की नाही, हे डॉक्टरांनीच तपासून ठरवावे.

दवाखान्यात नेताना

गावाजवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशींची गर्दी असते आणि कोंबडी काखेत घेऊन गेल्यावर कोणी हसण्याचा संभव असतो. ते मनावर घेऊ नये. परभणी आणि उदगीर येथे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. त्या बाजूच्या लोकांनी गुंतागुंतीच्या प्रकरणांत तेथे जावे. १९६२ या निःशुल्क क्रमांकावरही चौकशी करता येते. नेताना भोके पाडलेल्या खोक्यात भुसा घालून न्यावे आणि शेवटचे अंडे कधी दिले, खाद्य कोणते, कॅल्शियम किती व केव्हा दिले, हे लिहून न्यावे. डॉक्टर कॅल्शियमचे इंजेक्शन देऊ शकतात, किंवा सुईने अंड्यातील द्रव शोषून घेऊन कवच सावकाश काढू शकतात. प्रतिजैविक दिल्यास तिची अंडी किती दिवस खायची नाहीत, हे आवर्जून विचारावे. ‘कापून खाऊन टाका’ असे सुचवणारे शेजारी असतातच. औषधोपचार झालेल्या कोंबडीचे मांसही तितकेच वर्ज्य असते, हे त्यांना सांगावे.

जोर केल्यामुळे कधी अंडनलिकेचा भाग बाहेर येतो. असा लाल, ओला गोळा दिसताच तिला आधी बाकीच्या कोंबड्यांपासून दूर करावे, कारण त्या तो टोचून आतडी बाहेर काढतात. भाग कोमट मीठपाण्याने धुवावा, सूज उतरावी म्हणून साखरेचे दाट पाणी त्यावर काही मिनिटे ठेवावे आणि तेल लावलेल्या बोटाने हलकेच आत सारावा. पुन्हा बाहेर आल्यास टाके लागतात, आणि ते काम डॉक्टरांचे आहे.

सुटका झाल्यानंतर

अंडे पडल्यावर कोंबडी तासाभरात चरायला लागली तरी तिला आठवडाभर अंडी घालण्यापासून विश्रांती द्यावी. त्यासाठी दिवसातील ८ ते १० तासच उजेड मिळेल असे ठेवावे, म्हणजे अंडाशय मंदावते. खाद्य बंद करू नये.

पुढचा बंदोबस्त खाद्यातच आहे. अंड्यावरच्या कोंबडीच्या आहारात कॅल्शियम ३.५ ते ४ टक्के असावे, म्हणजे ज्वारीबरोबर लेअर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांसाठीचे तयार खाद्य, द्यावा लागतो. शिंपल्यांचा भरड चुरा वेगळ्या परळात कायम ठेवावा. कोंबडी गरजेनुसार, विशेषतः संध्याकाळी, तो स्वतः टिपते. शिंपले न मिळाल्यास अंड्यांची टरफले तव्यावर भाजून, ओळखू येणार नाहीत इतकी चुरून द्यावीत, नाहीतर अंडी फोडून खाण्याची खोड लागते. पाण्याचे भांडे मातीचे आणि सावलीत असावे; उन्हाळ्यात ते दिवसातून दोन-तीनदा बदलावे. पिल्ले, वाढत्या तलंगा आणि कोंबडा यांना मात्र लेअर मॅश देऊ नये, कारण जादा कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडे खराब होतात. सगळे एकाच खुराड्यात असतील तर सर्वांना साधे खाद्य द्यावे आणि शिंपल्यांचे परळ तेवढे पिल्लांच्या आवाक्याबाहेर, उंचावर ठेवावे.