कोलेस्टेरॉलच्या गोळ्या एकत्र घेताय? या चुका टाळा

औषधाच्या काउंटरवर रोज तेच तेच पाहून आता चीड येते, म्हणून लिहितोय. कोलेस्टेरॉलवर दोन औषधं घेणं वाईट नाही. स्टॅटिन (यकृतात कोलेस्टेरॉल बनणं कमी करणारी औषधं) आणि इझेटिमाइब (आतड्यातून ते शोषलं जाणं कमी करणारं औषध) ही जोडी बहुतेकांना छान झेपते. माणसं अडचणीत येतात ती आपण नेमकं काय गिळतोय हे न बघितल्यामुळे.

एकाच गटातलं औषध दोन नावांनी घेणं. ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. एका काकांना हृदयाच्या डॉक्टरांनी अ‍ॅटोर्वास्टॅटिन दिलं होतं. शुगरच्या डॉक्टरांनी ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वाढलेत म्हणून दुसरी पट्टी दिली, तिच्यात रोसुवास्टॅटिन आणि फेनोफायब्रेट (ट्रायग्लिसराइड उतरवणारं, फायब्रेट गटातलं औषध) दोन्ही. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवली नव्हती. काका रात्री जेवण झालं की दोन्ही गोळ्या घ्यायचे. म्हणजे दोन स्टॅटिन आणि वर फायब्रेट. त्यात खोकला झाला आणि कोणीतरी क्लॅरिथ्रोमायसिन दिलं. हे अँटिबायोटिक यकृतात अ‍ॅटोर्वास्टॅटिनचा निचरा होऊ देत नाही, त्यामुळे रक्तातलं प्रमाण चढत जातं.

मांड्या दुखायला लागल्या. घरचे म्हणाले, वय झालं, बाम लावा. मग खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागायला लागला, लघवी कोऱ्या चहासारखी झाली. मुलगा माझ्याकडे आला तो आणखी एक वेदनाशामक मागायला. मी म्हटलं, "आधी घरातल्या सगळ्या पट्ट्या घेऊन ये." पट्ट्या बघितल्या आणि त्यांना तसंच हॉस्पिटलला पाठवलं. सीपीके (स्नायूंची इजा दाखवणारी रक्ततपासणी) हजारांच्या घरात, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) वाढलेलं. स्नायू विरघळून त्यातलं मायोग्लोबिन हे प्रथिन किडनीत अडकत होतं. सलाइनवर ठेवावं लागलं, किडनी वाचली. दोन-चार दिवस आणखी बाम चोळत बसले असते तर काय झालं असतं, याचा विचारही नको वाटतो.

म्हणून माझा हट्ट: पट्टीवरचं मोठं नाव सोडा, खालचं बारीक नाव वाचा. शेवटी '-स्टॅटिन' असलेली दोन नावं दिसली तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. सगळ्या पट्ट्यांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि दाताच्या डॉक्टरांनासुद्धा दाखवा.

जेमफायब्रोझिल (हेही एक फायब्रेट) आणि स्टॅटिन एकत्र. सेरिव्हास्टॅटिन हे औषध 2001 साली बाजारातून काढून घ्यावं लागलं. त्यावर स्नायू विरघळून माणसं दगावली होती आणि त्यातल्या बऱ्याच जणांना सोबत जेमफायब्रोझिल चालू होतं. सिम्वास्टॅटिनबरोबर तर ते अजिबात चालत नाही. फायब्रेट लागणारच असेल तर डॉक्टर सहसा फेनोफायब्रेट निवडतात. जुन्या चिठ्ठीवर जेमफायब्रोझिल घेत राहू नका.

रिपोर्ट लवकर सुधारावा म्हणून स्वतःच डोस दुप्पट करणं. याचा मला खरंच राग येतो. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तर एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) जेमतेम 6 टक्के आणखी उतरतं, स्नायूंचा धोका मात्र वाढतो. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढा धीर धरा.

'नैसर्गिक' म्हणून रेड यीस्ट राइस (लाल यीस्टने आंबवलेल्या तांदळाचं पूरक) जोडणं. त्यातलं मोनाकोलिन के म्हणजे लोव्हास्टॅटिनच. पुन्हा दोन स्टॅटिन.

कोलेस्टायरामिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या पावडरीसोबतच बाकीच्या गोळ्या घेणं. ती पावडर इतर औषधांना पोटातच धरून ठेवते. बाकीच्या गोळ्या तिच्या एक तास आधी किंवा चार ते सहा तासांनी घ्या. थायरॉइडची गोळी तर तिच्यासोबत कधीच घेऊ नका.

जरा दुखलं की सगळं बंद करणं. हेही चूकच, विशेषतः हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांनी. साधं दुखत असेल तर डॉक्टरांना सांगून सीपीके आणि थायरॉइड तपासा, कारण थायरॉइड कमी असलं तरी स्टॅटिनचा त्रास वाढतो. पण दोन्ही मांड्यांत किंवा दंडांत जोर राहिला नाही, लघवी गडद झाली, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. त्या दिवशीची स्टॅटिनची गोळी घेऊ नका, सगळ्या पट्ट्या पिशवीत भरा आणि थेट हॉस्पिटल गाठा.