स्टेंट बसला म्हणून गोळ्या सोडू नका: हार्ट अटॅकनंतर औषधांबाबतच्या या चुका टाळा

मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहून मला चोवीस वर्षं झाली. तालुक्याचं गाव आहे, त्यामुळे कोणाची अँजिओप्लास्टी झाली हे चिठ्ठी हातात येण्याआधीच कळलेलं असतं. पहिला महिना घरातलं कोणीतरी न चुकता येतं आणि सगळ्या गोळ्या मोजून घेऊन जातं. चौथ्या-पाचव्या महिन्यात तेच माणूस म्हणतं, "या दोनच द्या, बाकीच्या राहू द्या." मी कारण विचारतो आणि उत्तर दर वेळी समजण्यासारखं असतं. खोकला येत होता. दात काढायचा होता. रिपोर्ट नॉर्मल आला. श्रावण होता. निव्वळ हलगर्जीपणाने गोळी सोडणारे मी थोडेच पाहिले. बहुतेकांकडे कारण होतं, पण ते गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांच्या कानावर गेलेलं नव्हतं. तीच कारणं इथे एकेक करून घेतो.

छातीत कळ आली आणि आधी सॉर्बिट्रेट शोधली

छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतंय, डावा हात किंवा जबडा भरून आलाय, दरदरून घाम सुटलाय. अशा वेळी घरात पहिली धावपळ होते ती ओवा, सोडा नाहीतर जिभेखालच्या गोळीसाठी. ही जिभेखालची सॉर्बिट्रेट रक्तवाहिन्या सैल करते, अटॅक आणणारी गुठळी विरघळवत नाही. उभ्याने घेतली तर बीपी उतरून माणूस कोसळू शकतो. हृदयाच्या उजव्या बाजूचा अटॅक असेल तर बीपी धोकादायक खाली जाऊ शकतं. ज्यांना डॉक्टरांनी ती लिहून दिली आहे त्यांनी बसून घ्यावी. शेजाऱ्याच्या डब्यातली घेऊ नये. आणि लैंगिक ताठरतेसाठीची सिल्डेनाफिलची गोळी घेतली असेल तर २४ तास, त्याच कामाची टाडालाफिल घेतली असेल तर ४८ तास सॉर्बिट्रेट घ्यायचीच नाही. हे सांगायला पुरुष लाजतात. दवाखान्यातल्या डॉक्टरांना एवढं एक वाक्य जरूर सांगा, त्याने जीव वाचतो.

घरी करण्यासारखं काम आहे अ‍ॅस्पिरिनचं. साधारण ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ७५ च्या चार गोळ्या, आणि त्या चावून खायच्या. आपल्याकडच्या रोजच्या छोट्या गोळ्यांवर आतड्यात विरघळणारा लेप असतो. अख्खी गिळली तर ती कामाला लागायला फार वेळ घेते. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असेल, पोटात रक्तस्राव होत असेल किंवा तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं अशी पक्षाघाताची लक्षणं असतील तर देऊ नका. पण गोळी शोधायच्या आधी १०८ ला फोन लागलेला असू द्या. मधुमेही माणसांना आणि बायकांना छातीत कळ न येता नुसता दम, मळमळ, कमालीचा थकवा एवढंच होऊ शकतं. "पित्त झालंय" म्हणत रात्र काढलेली कितीतरी माणसं मला माहीत आहेत.

दुसरी मोठी चूक दवाखान्यात पोचल्यावर होते. ईसीजीत मोठा अटॅक दिसतो, डॉक्टर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायला तयार असतात आणि नातेवाईक म्हणतात, "नको, आम्ही थेट पुण्याला नेतो." दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होण्याची खात्री असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर स्ट्रेप्टोकायनेज किंवा टेनेक्टेप्लेज जिथे मिळतंय तिथेच घ्यावं आणि मग, पुढच्या २४ तासांच्या आत अँजिओग्राफी होईल अशा बेताने, मोठ्या रुग्णालयात न्यावं. १९८८ मध्ये आयसिस-२ या अभ्यासाचे निष्कर्ष छापून आले. त्यात १७,१८७ रुग्ण होते. अ‍ॅस्पिरिन आणि स्ट्रेप्टोकायनेज दोन्ही मिळालेल्यांमध्ये पहिल्या पाच आठवड्यांतले मृत्यू, दोन्ही न मिळालेल्यांपेक्षा सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होते. या इंजेक्शनांनी मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, टेनेक्टेप्लेजने शंभरात साधारण एकाला. म्हणूनच डॉक्टर आधी ऑपरेशन, पक्षाघात, अल्सर असं सगळं विचारतात. त्या प्रश्नांची खरी उत्तरं द्या, पण सही करायला मुंबईच्या जावयाची वाट पाहत बसू नका.

"दोन रक्त पातळ करायच्या कशाला?"

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतो. स्टेंट म्हणजे धातूची बारीक जाळी. शरीराच्या दृष्टीने ती परकी वस्तू. तिच्यावर रक्तवाहिनीचं स्वतःचं अस्तर चढेपर्यंत उघड्या धातूला प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी, चिकटून गुठळी होण्याची भीती असते. हल्लीच्या स्टेंटवर औषधाचा लेप असतो. आतली वाढ रोखून नळी पुन्हा अरुंद होऊ न देणं हे त्याचं काम, पण त्याच कारणाने अस्तरही सावकाश चढतं. तोवर अ‍ॅस्पिरिन एका वाटेने आणि क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल यांपैकी एक दुसऱ्या वाटेने प्लेटलेटना अडवतात. एक दार लावलं तरी दुसरं उघडं राहतं, म्हणून दोन गोळ्या. अटॅकनंतर साधारण वर्षभर दोन्ही चालतात, मग बहुतेकांना एकच, कायमची. रक्तस्रावाचा धोका जास्त असेल तर डॉक्टर ही मुदत कमी करतात, पण ती त्यांनी ठरवायची. पहिला महिना तर सगळ्यात नाजूक.

गोळी सुटते ती बहुधा दातापायी. "दाढ काढायची आहे, पाच दिवस रक्त पातळ करायची गोळी बंद करा," असं कोणीतरी सांगतं आणि माणूस दोन्ही बंद करतो. दाढेचं रक्त नेहमीपेक्षा जास्त वेळ येईल. ते बोळा दाबून, टाका घालून थांबवता येतं. स्टेंटमध्ये झालेली गुठळी दाबून थांबवता येत नाही. दातांच्या डॉक्टरांना सांगा की हृदयाच्या डॉक्टरांशी फोनवर बोला. बहुतेक वेळा गोळ्या चालू ठेवूनच दाढ निघते आणि घाईची नसेल तर थोडी पुढे ढकलली जाते.

टिकाग्रेलॉर दिवसातून दोनदा घ्यावी लागते, कारण तिचा असर तासांच्या हिशेबाने उतरतो. "सकाळची घेतली, रात्रीची राहिली तर काय होतंय," म्हणणाऱ्यांचं अर्धं संरक्षण जातं. एखादी चुकलीच तर पुढची तिच्या वेळेवर घ्या, दोन एकदम नकोत.

डबा उघडून पाहिला तेव्हा

गेल्या पावसाळ्यात एक मावशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. "अहो दादा, यांच्या अंगावर काळेनिळे डाग उठतायत. बघा बरं यात काय चुकतंय." डबा काउंटरवर पालथा केला. डिस्चार्जच्या वेळी दिलेली एक कॅप्सूल, जिच्यात अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि अटोर्व्हास्टॅटिन तिन्ही एकत्र. गावातल्या डॉक्टरांनी नंतर लिहिलेली अ‍ॅस्पिरिनची वेगळी गोळी. आणि मुलाने शहरातून आणलेली दुसऱ्या कंपनीची क्लोपिडोग्रेल. काका दोन्ही औषधं दुप्पट घेत होते आणि तीन वेगवेगळी नावं दिसत असल्याने घरात कोणाला शंकाही आली नव्हती. त्यातल्या दोन स्ट्रिप कात्रीने कापलेल्या, नावाचा भाग भलत्याच कोणाकडे गेलेला. पाच गोळ्या मागितल्या की आम्हीच कापून देतो, हा आमच्या धंद्याचा दोष आहे. त्या दिवसापासून हृदयाच्या गोळ्यांची स्ट्रिप मी नाव आणि एक्स्पायरी गिऱ्हाइकाकडे जाईल अशीच कापतो.

ब्रँडच्या मोठ्या अक्षरांखाली बारीक अक्षरांत औषधाचं खरं नाव असतं. ते वाचा, नाहीतर आम्हाला वाचायला लावा. नावामागे गोल्ड, प्लस, एव्ही असं काही जोडलेलं असेल तर आत बहुधा एकाहून जास्त औषधं असतात. जनऔषधी केंद्रातून घेताना डिस्चार्ज कार्ड सोबत न्या आणि हेच नाव जुळवा.

गोळीमुळे त्रास होतोय?

कोरडा खोकला थांबेना म्हणून खोकल्याच्या बाटल्यांवर बाटल्या नेणारे येतात. रामिप्रिल ही बीपीची आणि हृदयाची गोळी चालू असेल तर आधी तिच्यावर संशय घ्या. तिच्याऐवजी टेल्मिसार्टनसारखी गोळी मिळू शकते, डॉक्टर बदलून देतात. टिकाग्रेलॉरने काहींना बसल्या जागी धाप लागते. अनेकदा ती सौम्य असते आणि आपोआप कमी होते, पण दम नवीन असेल तर हृदय तपासायलाच हवं. हृदयाचा वेग कमी करणाऱ्या मेटोप्रोलॉलने नाडी मंद होते, गळून गेल्यासारखं वाटतं. ती एका झटक्यात बंद केली तर नाडी उसळते आणि छातीचं दुखणं परत येऊ शकतं. ती कमी करायची ती टप्प्याटप्प्याने. हळूहळू सुटणारी गोळी असेल तर कुटू किंवा चावू नका.

स्टॅटिनबद्दल, म्हणजे अटोर्व्हास्टॅटिनसारख्या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीबद्दल, मात्र सविस्तर बोलावं लागेल, कारण ती सगळ्यात जास्त सुटते. पहिलं कारण असतं "कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं." अहो, ते गोळीमुळे नॉर्मल आलंय. बंद केली की काही आठवड्यांत पुन्हा मूळ पदावर. शिवाय रिपोर्टच्या कडेला छापलेली मर्यादा निरोगी माणसाची असते. अटॅक येऊन गेलेल्याचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ५५ च्या खाली असावं, असं युरोपातले हृदयतज्ज्ञ २०१९ पासून सांगतायत. दुसरं कारण अंगदुखी. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजने अंगदुखीसारख्या त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना बारा बाटल्या दिल्या. चारमध्ये स्टॅटिन, चारमध्ये तशाच दिसणाऱ्या औषध नसलेल्या गोळ्या, चार रिकाम्या. दर महिन्याला एक बाटली. २०२० मध्ये निकाल आला. स्टॅटिनच्या महिन्यांत जेवढा त्रास, त्याच्या ९० टक्के त्रास औषध नसलेल्या गोळ्यांच्या महिन्यांतही होता. दुखणं खरंच होतं, पण त्यातलं बहुतेक औषधाचं नव्हतं. हे कळल्यावर त्यातल्या निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली. मात्र स्नायू खूप दुखतायत आणि लघवी चहासारखी गडद होतेय असं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

चिठ्ठीत नसलेल्या गोळ्या

गुडघा दुखतोय म्हणून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन मागू नका. दोन्ही हृदयाला अपायकारक, आणि आयब्युप्रोफेन तर अ‍ॅस्पिरिनची जागाच अडवून बसते. पॅरासिटामॉल चालते. अ‍ॅसिडिटीची गोळीही बघून घ्या: क्लोपिडोग्रेल यकृतात गेल्यावरच कामाची होते, आणि ओमेप्राझोल नेमकी ती क्रिया अडवते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्येच तसा इशारा दिला आहे. डॉक्टर बहुधा पँटोप्राझोल देतात ते याचसाठी.

आलं, लसूण, लिंबू, व्हिनेगर आणि मधाचा काढा ब्लॉकेज विरघळवत नाही. पथ्यात बसत असेल तर चमचाभर घ्या, पण गोळीच्या जागी नको.

उपवास असेल तर दूध किंवा फळाबरोबर गोळी घेता येते. मधुमेह असेल तर डोस आधी विचारून घ्या. वारीला जाणारे आमच्याकडून परतीपर्यंतच्या गोळ्या आणि चार दिवसांच्या जास्तीच्या घेतात. निम्म्या पिशवीत, निम्म्या सोबत्याकडे. पाऊस असतो, पिशवी भिजते.

अलीकडे त्या बिस्किटांच्या डब्यातल्या काकांचा मुलगाही येतो, चाळिशीचा. "मलाही अ‍ॅस्पिरिन चालू करू का, वडिलांना झालंय ना?" मी त्याला गोळी दिली नाही. अटॅक न आलेल्या माणसाने मनाने रोज अ‍ॅस्पिरिन घेतली तर फायदा थोडा आणि पोटातून रक्त जाण्याचा धोका खरा. त्याला बीपी, साखर, लिपिड तपासायला पाठवलं. चौथ्या दिवशी रिपोर्ट घेऊन तो आला: एलडीएल १६८. आता त्याची स्वतःची फाईल आहे, डॉक्टरांनी स्टॅटिन सुरू केली आहे आणि तंबाखूची पुडी त्याने त्या दिवशी आमच्या काउंटरवरच ठेवली.