लॉ करावं की नाही? फी भरायच्या आधी हे करून बघा

घरात कुणी जरा तोंड चालवणारं असलं की "तू वकीलच हो" हे ऐकावं लागतंच. मलाही हेच सांगितलं होतं आणि तेवढ्यावरच मी ॲडमिशन घेऊन मोकळी झाले. पण खरं सांगते, बोलणं हा या कामातला अगदी छोटा भाग आहे, बाकी सगळं वाचणं, लिहिणं आणि थांबणं. हे तीन आपल्याला झेपतंय का ते आधीच तपासता येतं, महिनाभर पुरतो.

पहिलं काम: एक अख्खा दिवस कोर्टात बसा

आपल्याकडे कोर्ट खुलं असतं, म्हणजे कुणीही मागच्या बाकावर जाऊन बसू शकतं (कौटुंबिक किंवा लहान मुलांच्या संदर्भातल्या केसेस बऱ्याचदा बंद दाराआड चालतात, तिथे बाहेर जायला सांगितलं तर निमूट उठायचं). साधे नीटनेटके कपडे, मोबाईल सायलेंट, आणि जवळच्या तालुका किंवा जिल्हा कोर्टात सकाळी कामकाज सुरू व्हायच्या आधी पोचा. दाराशी त्या दिवशीचं बोर्ड, म्हणजे केसेसची यादी, लावलेलं असतं, ते वाचा. मग एकेका केसचा पुकारा व्हायला लागतो, आणि एकामागून एक केस दोन-दोन मिनिटांत पुढच्या तारखेवर जाते. वकिलांची कारणं ठरलेली: आमचे सीनिअर साहेब दुसऱ्या कोर्टात आहेत, केस मागे ठेवा, म्हणणं (लेखी उत्तर) द्यायला मुदत द्या, साक्षीदार हजर नाही. तुम्ही जजकडे बघू नका, ज्युनिअर वकिलाच्या हातातल्या डायरीकडे बघा. मागची तारीख, केस कुठल्या टप्प्यावर आहे ती स्टेज, पुढची तारीख, प्रत्येक केसपुढे एवढंच लिहिलं जातं. मग तो बाहेर येऊन पक्षकाराला समजावतो की आज काहीच झालं नाही, आणि तो माणूस एक दिवसाची मजुरी बुडवून आलेला असतो. हे समजावणं हेच खूपदा वकिलाचं दिवसभराचं काम असतं. ते बघून तुम्हाला नुसता कंटाळा आला की त्या माणसासाठी काहीतरी करावंसं वाटलं, हे घरी येऊन प्रामाणिकपणे लिहून काढा. एका दिवसावर भरवसा ठेवू नका, दोनदा तरी जा.

दुसरं: एक निकालपत्र पूर्ण वाचा

माझ्या मते ही सगळ्यात खरी परीक्षा. सुप्रीम कोर्टाचा १९९७ चा विशाखा विरुद्ध राजस्थान राज्य हा निकाल घ्या, नेटवर फुकट मिळतो आणि फार लांब नाही. पहिल्या वाचनात एवढंच कळेल की कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाबद्दल कोर्टाने मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. आता दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन वाचा आणि एकच प्रश्न विचारा, त्या वेळी यावर कायदाच नव्हता (तो आला २०१३ मध्ये), मग कोर्टाला हा अधिकार आला कुठून? उत्तर शोधताना संविधानातली १४, १५, १९, २१ आणि ३२ ही कलमं उघडावी लागतील, एक आंतरराष्ट्रीय करार समोर येईल. शेवटी काय घडलं, प्रश्न काय होता, निकाल काय आणि का, हे एका पानात स्वतःच्या शब्दांत लिहा. हे करताना तास कसा गेला कळलं नाही तर लॉ तुमच्यासाठी आहे. तिसऱ्या परिच्छेदालाच हात मोबाईलकडे गेला तर एकदा अजून प्रयत्न करा, पण तेव्हाही तसंच झालं तर ते गंभीरपणे घ्या, कारण पुढची तीन किंवा पाच वर्षं आणि त्यानंतरही हेच करायचंय.

तिसरं: डिग्रीनंतर नक्की कुठे बसायचंय?

"लॉ करून बघू" म्हणणाऱ्यांचे इथेच हाल होतात. कोर्टात उभं राहायचं असेल तर सनद म्हणजे वकिलीचा परवाना लागतो, आणि बार कौन्सिलची (वकिलांची नियामक संस्था) एआयबीई परीक्षा पास व्हावी लागते. सनदेच्या नोंदणीला जनरलसाठी ७५० आणि एससी-एसटीसाठी १२५ रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये स्पष्ट केलंय, तेव्हा तो खर्च मोठा नाही. पण पूर्णवेळ पगारी नोकरी आणि वकिली एकत्र करता येत नाही, कंपनीत लीगलमध्ये लागलात तर सनद स्थगित ठेवावी लागते. जज व्हायचं स्वप्न असेल तर मे २०२५ पासून चित्र बदललंय, दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराच्या परीक्षेआधी किमान ३ वर्षं वकिली हवी, म्हणजे डिग्री हातात आली की लगेच जज ही वाट आता नाही.

चौथं: पैशाचा हिशोब, आणि तो घरच्यांसमोर बसून

बार कौन्सिलने २०२४ मध्ये ज्युनिअर्सना शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये स्टायपेंड द्यावा असं सुचवलंय, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही, खूप ठिकाणी याहून कमी मिळतं. मला पहिल्या वर्षी येण्याजाण्याचा खर्च निघायचा एवढंच. तेव्हा कॉलेजची वर्षं अधिक त्यानंतरची तीन वर्षं घर कोण चालवणार हे नावानिशी कागदावर लिहा. घरात कर्ज असेल, बहीण-भाऊ शिकत असतील तर आधी नोकरी करून थोडे पैसे साठवणं आणि मग लॉ करणं यात कमीपणा काहीच नाही, उलट थोडं जग बघून आलेला माणूस पक्षकाराचं जास्त नीट ऐकतो.

पाचवं: कुठला कोर्स आणि कुठलं कॉलेज

बारावीनंतर ५ वर्षांचा, कुठल्याही डिग्रीनंतर ३ वर्षांचा. नुसतं बारावीवर मन पक्कं नसेल तर आधी डिग्री घ्या. प्रवेश परीक्षा म्हणाल तर महाराष्ट्रातल्या कॉलेजांसाठी एमएच सीईटी लॉ, बहुतेक राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या ५ वर्षांच्या कोर्ससाठी क्लॅट. पत्रद्वारा किंवा ऑनलाईन एलएलबी बार कौन्सिल मान्य करत नाही, कुणी विकत असेल तर लांब राहा, आणि कॉलेजला बार कौन्सिलची मान्यता चालू आहे का ते स्वतः तपासा. कॉलेज बघायला मात्र ॲडमिशनच्या गर्दीत जाऊ नका, सत्र चालू असताना एखाद्या मंगळवारी दुपारी जा, वर्गात किती मुलं बसलीत ते बघा आणि लायब्ररीला कुलूप आहे का तेही बघा.