हॅमंड ऑर्गनचा व्हॉल्व्ह प्रीअँप दुरुस्त करताना या चुका टाळा

ऑर्गनचा आवाज बसला किंवा खरखर सुरू झाली की बहुतेक जण आधी व्हॉल्व्हचा (सिग्नल वाढवणाऱ्या काचेच्या नळ्यांचा) पूर्ण संच मागवतात. पैसे जातात, संच बसतो आणि खरखर होती तिथेच राहते. प्रीअँप, म्हणजे ऑर्गनचा कमकुवत सिग्नल सुरुवातीला वाढवणारा भाग, उघडण्याआधी दोष कुठे आहे हे शोधायला हवं, आणि ते शोधण्याची बरीचशी साधनं ऑर्गनवरच बसवलेली आहेत. इथे मी हॅमंडच्या बी-३, सी-३ आणि ए-१०० मधल्या एओ-२८ प्रीअँपबद्दल लिहितो आहे. बाकीच्या व्हॉल्व्ह ऑर्गनांची जोडणी वेगळी असली तरी तपासाची रीत बरीचशी हीच.

बटण बंद केलं म्हणजे धोका टळला, असं समजू नका

प्रीअँपमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास डीसी असतो. प्लग काढल्यावरही फिल्टर कॅपॅसिटर (हा डीसी सपाट करणारे) तो दाब काही काळ धरून ठेवतात. तेव्हा आधी मीटरने मोजा, मग १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपने लावून कॅपॅसिटर रिकामा करा आणि पुन्हा मोजा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून रिकामा करण्याची सवय अनेकांना असते. त्यात कॅपॅसिटरही खराब होतो आणि हातही. चालू प्रीअँपवर मोजमाप करायचंच असेल तर मीटरची काळी क्लिप चासीला (धातूच्या सांगाड्याला) अडकवून ठेवा, एका हाताने मोजा, दुसरा हात खिशात. हे जमत नसेल तर बाहेरून करायच्या तपासण्यांवरच थांबा. त्यातूनही खूप काही कळतं.

वर्षानुवर्षं बंद असलेला ऑर्गन थेट प्लगमध्ये लावणं ही याच जातीची चूक. या कन्सोलमध्ये मूळचा फ्यूज बहुधा नसतोच. फिल्टर कॅपॅसिटर शॉर्ट असेल तर भार रेक्टिफायर व्हॉल्व्हवर (एसीचा डीसी करणाऱ्या) आणि पॉवर ट्रान्सफॉर्मरवर येतो. व्हॉल्व्ह नवा मिळतो, मूळ ट्रान्सफॉर्मर मिळणं अवघड. म्हणून आधी फिल्टर कॅपॅसिटर तपासून घ्या आणि जाणकाराकडून फ्यूज बसवून घ्या.

दोष नसलेल्या गोष्टीला दोष समजू नका

परकशन, म्हणजे सुराच्या सुरुवातीला येणारा ठोका, वाजत नाही म्हणून प्रीअँप खोललेला मी पाहिला आहे. परकशन फक्त वरच्या की-बोर्डवर आणि डावीकडच्या उलट्या रंगाच्या प्रीसेट पट्ट्यांपैकी शेवटची, म्हणजे 'बी', दाबलेली असतानाच वाजतं. शेजारची 'ए शार्प' दाबलेली असेल तर ड्रॉबार (आवाजाचा रंग ठरवणाऱ्या सरकत्या दांड्या, फुटांच्या मापाने ओळखल्या जाणाऱ्या) चालतात, परकशन नाही. परकशन चालू असताना एक फुटाचा ड्रॉबार गप्प होतो, तोही दोष नव्हे. परकशनचा आवाज 'नॉर्मल' वर असताना वरच्या की-बोर्डचे ड्रॉबार थोडे दबतात. आधीचा सूर सोडल्याशिवाय पुढच्या सुराला ठोका येत नाही. हे सगळं यंत्र तसंच बनवलेलं आहे.

व्हॉल्व्ह आंधळेपणाने बदलू नका

एओ-२८ मध्ये येणारा आवाज दोन वाटांनी शिरतो: एक व्हायब्रेटोची (सूर हेलकावणाऱ्या परिणामाची), दुसरी विनाव्हायब्रेटोची. प्रत्येक वाटेच्या तोंडाशी एक ६एयू६ व्हॉल्व्ह बसलेला असतो. दोन्ही की-बोर्डचे व्हायब्रेटो टॅब आधी बंद करून वाजवा, मग चालू करून. खरखर किंवा अशक्तपणा एकाच स्थितीत येत असेल तर निम्मा प्रीअँप तिथेच संशयातून सुटला. आता ऑर्गन बंद करून, व्हॉल्व्ह गार झाल्यावर दोन्ही ६एयू६ ची अदलाबदल करा. दोष दुसऱ्या वाटेवर गेला तर व्हॉल्व्ह खराब. जागेवरच राहिला तर सॉकेट, रेझिस्टर, कॅपॅसिटर किंवा व्हायब्रेटोच्या वाटेवर स्कॅनर (व्हायब्रेटो तयार करणारा फिरता भाग). एक रुपयाही न खर्चता मिळणारं हे उत्तर आहे आणि लोक नेमकं हेच करत नाहीत.

व्हॉल्व्ह काढताना सरळ वर ओढा, अगदी थोडं हलवत. काचेवरचा नंबर बोटाने पुसू नका. जुन्या व्हॉल्व्हवरची छपाई ओल्या फडक्यानेसुद्धा जाते आणि मग १२एएक्स७ कोणता नि १२एयू७ कोणता हे बाहेरून ओळखणं कठीण होतं. सॉकेट एकच, पण पहिल्याची वर्धनक्षमता १०० आणि दुसऱ्याची २० च्या आत. १२बीएच७ च्या जागी १२एयू७ बसतो म्हणून चालतो असंही नाही; त्याच्याकडून तेवढा करंट मिळत नाही. काचेच्या आतला चंदेरी डाग दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली आहे, तो व्हॉल्व्ह फेकून द्या. जोडव्हॉल्व्हच्या (एकाच काचेत दोन व्हॉल्व्ह असलेल्या) आत दोन्ही हीटरच्या तारा लाल दिसतात का हेही अंधार करून बघा. एकच अर्धा विझलेला असू शकतो. ज्यांच्यावर पत्र्याचं आवरण होतं त्यांच्यावर ते परत चढवा, नाहीतर नवीच घुरघुर मागे लागेल.

पेन्सिलच्या लाकडी टोकाने व्हॉल्व्हवर हलकी टिचकी मारून ऐकण्याची चाचणी चांगली आहे, पण पहिल्या टप्प्यातला व्हॉल्व्ह थोडासा 'टिंग' करणारच. टिचकीनंतर आवाज रेंगाळत राहिला किंवा खरखर फुटली तरच तो बदला. टिचकी काचेवर मारलीत की सॉकेटवर, याकडेही लक्ष ठेवा, कारण सैल पडलेली सॉकेटची पकड हुबेहूब खराब व्हॉल्व्हसारखी वागते.

घुरघुर ऐकल्याबरोबर सगळे कॅपॅसिटर बदलू नका

घुरघुरीलाही सूर असतो आणि तो ओळखायला ऑर्गनपेक्षा चांगलं साधन नाही. ५० हर्ट्झची वीज असेल तर आठ फुटाचा ड्रॉबार ओढून सगळ्यात खालच्या सप्तकातली 'जी' वाजवा. ती ९८ हर्ट्झ आहे. घुरघुर तिच्याशी जवळजवळ जुळली तर ती १०० हर्ट्झची, म्हणजे रेक्टिफायरनंतरच्या सुकलेल्या फिल्टर कॅपॅसिटरकडून आलेली. एक सप्तक खाली असेल तर ५० हर्ट्झ: हीटरच्या तारा, व्हॉल्व्हमधली हीटर-कॅथोड गळती किंवा अर्थिंग. ६० हर्ट्झच्या विजेवर हीच तुलना 'ए शार्प' आणि 'बी' यांच्या मधल्या सुराशी करा.

मग एक्स्प्रेशन पेडल (पायाने आवाज कमी-जास्त करायचं) मिटवा. घुरघुर कमी झाली तर उगम पेडलच्या आधीच्या टप्प्यांत, तशीच राहिली तर नंतरच्या टप्प्यांत किंवा पॉवर सप्लायमध्ये.

फिल्टर कॅपॅसिटर बदलायचेच असतील तर व्होल्टेजची क्षमता मूळच्यापेक्षा कमी घेऊ नका आणि रेक्टिफायरला लागून असलेल्याची मायक्रोफॅरड किंमत मनाने वाढवू नका. ६एक्स४ या रेक्टिफायर व्हॉल्व्हवर चालू करताना त्याचा ताण येतो. कपलिंग कॅपॅसिटर (एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात फक्त सिग्नल जाऊ देणारा, डीसी अडवणारा) गळतो आहे का हे पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर, म्हणजे सिग्नल शिरतो त्या टोकावर, डीसी मोजून कळतं. जिथे तो शून्याच्या आसपास असायला हवा तिथे काही व्होल्ट दिसले तर तोच बदला. सरसकट बदलल्यावर आवाज पालटला की त्याचं कारण शोधणं फार अवघड जातं. या प्रीअँपचा स्वर जपण्यासारखा आहे, म्हणून मी एका वेळी एकच भाग बदलतो.

पेडलमध्ये स्प्रे मारू नका

मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते या चुकीचं. पेडल हलवताना खरखर आली की लोक तो नेहमीचा पोटेन्शियोमीटर समजून क्लीनर मारतात. एओ-२८ मध्ये पेडलला जोडलेला असतो तो हवेचा व्हेरिएबल कॅपॅसिटर, एकमेकांत सरकणारी पातळ पत्र्याची पानं. त्यात घासणारी कार्बनची पट्टीच नाही. खरखर येते ती पानांत अडकलेल्या धुळीने, एखाद्या किड्याने किंवा वाकलेल्या पानाने. ओलसर स्प्रेने धूळ चिकटून बसते आणि इतक्या उच्च रोधाच्या जागी गळती सुरू होते. कोरडी हवा फुंका, मऊ ब्रश हलक्या हाताने फिरवा, बस.

लेस्लीला विसरू नका

लेस्ली म्हणजे ऑर्गनला जोडायचा फिरत्या भागांचा स्पीकर. प्रीअँपच्या 'जी-जी' टर्मिनलवर, म्हणजे आवाज बाहेर पडतो तिथे, एसी मोजा. सूर धरल्यावर तिथे सिग्नल येत असेल आणि स्पीकर गप्प असेल तर दोष पुढे आहे. एक कडक सूचना: लेस्ली १२२ आणि १४७ यांचे सहा पिनांचे कनेक्टर एकमेकांत बसतात, पण आतली जोडणी वेगळी आहे. अदलाबदल केली तर ऑर्गन आणि लेस्ली दोन्हींचं नुकसान होऊ शकतं.

एवढं करूनही दोष सापडला नाही आणि ऑर्गन तंत्रज्ञाकडे द्यायची वेळ आली तर एका कागदावर लिहून द्या: कोणत्या व्हायब्रेटो स्थितीत दोष येतो, घुरघुरीचा सूर कोणता, पेडलने ती बदलते का, गरम झाल्यावर वाढते की कमी होते आणि कोणता व्हॉल्व्ह कुठून कुठे हलवला.